रेघ वर आहे की वर चालली आहे?

पत्र:

'नमस्कार बाई. मी ४३ वर्षांची आहे, एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. आकड्यांची मला भीती नाही. ताळेबंद पुढे ठेवा, चूक शोधून देईन. पण आलेख समोर आला की डोकं बधिर होतं. परवा बैठकीत पडद्यावर दोन विभागांचा आलेख होता, दर महिन्याला निकाली काढलेल्या प्रकरणांचा. निळी रेघ वर, जानेवारीत ३०० आणि जुलैत ३४०. नारिंगी खाली, जानेवारीत १०० आणि जुलैत १६०. साहेबांनी मला विचारलं, "कुणाची प्रगती जास्त दिसते?" मी म्हटलं, निळ्याची. कुणीतरी हसलं. एक नवीन मुलगा म्हणाला, "मॅडम, नारिंगी बघा ना, लवकरच निळ्याला गाठेल." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. त्याच आठवड्यात सहावीतल्या मुलाने गृहपाठ पुढे केला, "आई, या दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे काय होतं?" सांगता येईना, म्हणून त्याच्यावरच खेकसले. आलेख वाचायची काही युक्ती असते का, की त्याला डोकंच वेगळं लागतं?

– मान डोलावणारी'

ताई,

डोकं वेगळं लागत नाही. ताळेबंदातली चूक जिला सापडते तिला आलेख कळणार नाही, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. तुम्हाला तो वाचायला कुणी शेजारी बसून शिकवलेलं नाही, एवढंच. शाळेत आलेख काढायला शिकवतात. प्रमाण लिहा, बिंदू मांडा, पट्टीने जोडा, झाले गुण. काढून झालेल्या आलेखाकडे बघायचं कसं, यासाठी वेगळा तास कधी होत नाही. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं मीही हेच केलं, म्हणून हे जरा हक्काने बोलते.

आधी बैठकीचं बघू, कारण तुमच्या मनाला ते लागलंय. तुमचं उत्तर चुकलं म्हणण्यापेक्षा प्रश्नच मोघम होता असं मी म्हणेन. 'प्रगती जास्त' म्हणजे काय? जास्त कामं कोण उरकतं, असा अर्थ घेतला तर जुलैतसुद्धा निळा विभाग ३४० आणि नारिंगी १६०. निळा दुपटीहून पुढे. सहा महिन्यांत कामं कुणाची जास्त वाढली असं विचारलं तर निळ्याची ४० ने वाढली, नारिंगीची ६० ने, नारिंगी पुढे. आणि स्वतःच्या मूळ कामाच्या मानाने किती वाढ, असं विचारलं तर निळ्याची १३ टक्के आणि नारिंगीची ६० टक्के. नारिंगी फारच पुढे. एकाच आलेखावर हे तीन प्रश्न आहेत आणि ते पाहायच्या जागाही वेगळ्या. पहिल्याचं उत्तर रेघेच्या उंचीत असतं, दुसऱ्याचं तिच्या चढात. तिसऱ्याचं तर नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, त्यासाठी भागाकार करावा लागतो. तुम्ही उंची पाहिलीत, साहेबांना बहुधा चढ हवा होता. उंची आणि चढ यांची गल्लत ही आलेख वाचण्यातली अगदी नेहमीची चूक आहे. डोंगराच्या माथ्यावर बसलेला आणि पायथ्याकडून धापा टाकत चढणारा, यांत 'वर' कोण? एक वर आहे, दुसरा वर चालला आहे.

आता त्या नव्या मुलाचं 'लवकरच गाठेल'. इथे तुमच्यातली हिशेबनीस जागी व्हायला हवी होती. जानेवारीत दोघांतलं अंतर २०० होतं, जुलैत १८० झालं. म्हणजे सहा महिन्यांत २० ने कमी. याच चालीने उरलेले १८० मिटायला असे नऊ सहामाही टप्पे लागतील, म्हणजे साडेचार वर्षं. त्याला 'लवकरच' म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

पण थांबा, त्या मुलालाही बोलायची संधी देऊ. समजा दोघांची वाढ आकड्याने नव्हे, टक्क्याने कायम राहिली. निळा दर सहा महिन्यांनी १३.३ टक्के, नारिंगी ६० टक्के. मग पुढच्या जानेवारीत निळा ३८५ आणि नारिंगी २५६. त्यापुढच्या जुलैत ४३७ आणि ४१०. आणि त्यानंतर साधारण महिन्याभराने नारिंगी निळ्याला ओलांडून जाते. म्हणजे साधारण तेरा महिने. आकडे तेच, आलेखही तोच. एका गृहीतकाने साडेचार वर्षं आणि दुसऱ्याने जेमतेम एक. यातलं खरं कोणतं हे आलेखात कुठेही लिहिलेलं नाही, कारण रेघ जुलैला संपते. शेवटच्या बिंदूच्या पुढचं सगळं बघणाऱ्याच्या मनात असतं. कुणी ते कागदावर उतरवलंच तर तुटक रेघेने दाखवावं, हा शहाणा रिवाज आहे. अखंड रेघेने दाखवलं असेल तर खुशाल विचारा की हे मोजलंय की योजलंय.

आता मुलाचा प्रश्न. हा फार चांगला प्रश्न आहे, त्यामुळे इथे जरा बैठक मारून बसू. एक आलेख कागद घ्या आणि मुलालाही सोबत घ्या. दोन टाक्या कल्पना करा. पहिल्या टाकीत आधीच ४० लिटर पाणी आहे आणि नळ बारीक, मिनिटाला ५ लिटर सोडतो. दुसरीत फक्त १० लिटर आहे, पण तिचा नळ मोठा, मिनिटाला १० लिटर. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर लिटर. बिंदू त्यालाच मांडू द्या. सुरुवातीला ४० आणि १०. तिसऱ्या मिनिटाला ५५ आणि ४०. सहाव्या मिनिटाला ७० आणि ७०, इथे रेघा एकमेकींना छेदतात. आठव्या मिनिटाला ८० आणि ९०.

आता त्याला एकेक विचारा. तिसऱ्या मिनिटाला कुठल्या टाकीत पाणी जास्त? पहिलीत. त्याच मिनिटाला कुठली टाकी जोरात भरतेय? दुसरी. इथे बहुतेक मुलं एकदा अडखळतात. अडखळू द्या, ते अडखळणं हाच धडा आहे. मग सहाव्या मिनिटावर बोट ठेवून विचारा, इथे काय सारखं आहे? वर्गात मला हमखास उत्तर यायचं, 'बाई, वेग सारखा.' वेग सारखा नाही. एका नळातून ५ लिटर येतायत, दुसऱ्यातून १०, आणि हे पहिल्या मिनिटापासून तसंच आहे. सारखी आहे ती पाण्याची पातळी, आणि तीही त्या एका क्षणापुरती. छेदनबिंदू एवढंच सांगतो. त्याच्या आधी एक वर होती, नंतर दुसरी वर गेली. वेग कुठे सारखे असते तर रेघा समांतर धावल्या असत्या आणि छेदल्याच नसत्या. हे वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं की गृहपाठ झाला समजा.

बिंदूवरून आकडा वाचायचा तर डोळ्याने नेम धरू नका, बोट वापरा. आडव्या अक्षावर हवा तो क्षण शोधा, तिथून सरळ वर रेघेपर्यंत जा, मग सरळ डावीकडे उभ्या अक्षापर्यंत. हे सोपं आहे. चूक होते ती बारीक घरांत. उभ्या अक्षावर २० आणि ४० लिहिलंय आणि मध्ये दहा बारीक घरं आहेत. बोट सातव्या घरावर आलं की घाईत उत्तर दिलं जातं २७. एका घराची किंमत इथे २ आहे, म्हणून ते ३४ होतं. तेव्हा रेघेकडे बघण्याआधी एक घर म्हणजे किती, एवढं पेन्सिलीने कोपऱ्यात लिहून ठेवायची सवय लावा. मोठ्या पदावरची माणसंसुद्धा इथे घसरलेली मी पाहिली आहेत.

दोन रेघांमधल्या अंतराची गोष्ट मात्र सोपी नाही, आणि तिथे चुकणाऱ्यांच्या रांगेत आपण सगळे आहोत. याला सव्वादोनशे वर्षांहून जुना दाखला आहे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापारावर आलेखांचं एक पुस्तक छापलं. काळाबरोबर बदलणारे व्यापाराचे आकडे रेघेने दाखवण्याची पद्धत त्यानेच रूढ केली. त्यातल्या एका आलेखात ईस्ट इंडीजशी, म्हणजे भारत आणि त्याच्या पूर्वेकडच्या मुलखाशी, चाललेला व्यापार आहे, सन १७०० पासूनचा. एक रेघ आयातीची, एक निर्यातीची. १७६० नंतरच्या काही वर्षांत दोन्ही रेघा झपकन वर चढतात आणि बघणाऱ्याला वाटतं, दोघींतलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं. विल्यम क्लीव्हलंड या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ते अंतर वर्षावर्षाला वजाबाकी करून वेगळं काढून दाखवलं, तेव्हा दिसलं की याच वर्षांत ते भराभर वाढलं आणि मग घसरलं. आयात-निर्यातीच्या आलेखात हीच तर खरी बातमी, आणि डोळ्यांदेखत निसटलेली!

कारण असं की दोन रेघा शेजारी शेजारी तिरक्या चढत असतील तर डोळा त्यांच्यातलं सगळ्यांत जवळचं, म्हणजे तिरपं अंतर मोजतो. दोन बाजूंमधल्या रस्त्याची रुंदी मोजावी तसं. पण त्याच महिन्यातला फरक हवा असेल तर अंतर सरळ उभं मोजावं लागतं. रेघा जितक्या खड्या, तितकी ही फसगत मोठी. उपाय अगदी साधा आहे. कागदाची एक उभी पट्टी फाडा. एका महिन्यावर ती उभी धरून खालच्या रेघेशी एक खूण करा, वरच्या रेघेशी दुसरी. तशीच उभी ठेवून पुढच्या महिन्यावर सरकवा. खुणा जुळल्या तर अंतर तेवढंच, नाही जुळल्या तर वाढलं किंवा घटलं. बैठकीत पडद्यावर पट्टी लावता येत नाही हे मान्य. तिथे पेन उभं धरून एक डोळा मिटला तरी अंदाज येतो, फक्त कुणी बघत नसताना करा. आणि मुद्दा जर फरकाचाच असेल तर दोन रेघा दाखवणाऱ्याला सांगा की फरकाची वेगळी एक रेघ काढ. हिशेबातही आपण जमा-खर्च लिहून शिल्लक वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडत नाही.

प्लेफेअरच्या त्याच पुस्तकातली आणखी एक गंमत सांगते. त्यात चव्वेचाळीस आलेख होते, त्यातले त्रेचाळीस काळाबरोबर पुढे जाणारे, आणि एकच स्तंभालेख, स्कॉटलंडचा. त्याला स्तंभ आवडले म्हणून नव्हे. स्कॉटलंडचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, मग रेघ ओढणार कुठून कुठे? रेघ ही दोन बिंदूंच्या मध्येही काहीतरी घडत होतं असं सांगत असते. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या मध्ये दिवस असतात, म्हणून ती जोडणी चालते. पण मुलाचे भाषा, गणित, विज्ञान या विषयांचे गुण बिंदूंनी मांडून रेघेने जोडले तर भाषा आणि गणिताच्या मधोमध कुठला विषय आहे? तिथे स्तंभच हवेत. अशा आलेखात 'गणितानंतर घसरण' वगैरे कुणी बोलू लागलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. विषयांचा क्रम बदलला की तीच घसरण चढण होते.

आता शून्याचं प्रकरण. हल्ली अर्धवट माहितीवर एक वाक्य फार फिरतं की उभा अक्ष शून्यापासून सुरू नसेल तर आलेख फसवा. स्तंभालेखापुरतं हे खरं आहे, कारण तिथे आपण स्तंभाची लांबी बघतो आणि बुडखा कापला की लांबी खोटी पडते. रेषालेखात आपण उंचीचा बदल बघतो, तिथे हा नियम आंधळेपणाने लावला तर उलट नुकसान होतं. तापाचा तक्ता घ्या. १८६८ मध्ये कार्ल वुंडरलिश या जर्मन वैद्याने हजारो रुग्णांच्या तापमानाच्या नोंदींवरून दाखवून दिलं की कुठला आजार आहे याचा माग तापाच्या चढउतारात लागतो. निरोगी माणूस ३७ अंशांच्या आसपास असतो आणि ४० ला गेला की घरात धावपळ होते. हाच तक्ता शून्यापासून ५० पर्यंतच्या अक्षावर काढला तर ३७ ते ४० ही उडी उंचीच्या सोळाव्या-सतराव्या भागाएवढी दिसेल. रुग्ण फणफणलाय आणि रेघ शांत. म्हणून तापाचा तक्ता ३५ च्या आसपास सुरू होतो, आणि त्यात कुणाची फसवणूक नाही.

फसवणूक होते ती अक्षाचा खालचा भाग कापलाय हे न सांगितल्याने, किंवा बघणाऱ्याने न पाहिल्याने. शाळेच्या पुस्तकात याला अक्षसंकोच म्हणतात, आरंभबिंदूजवळ एक छोटी नागमोडी खूण करतात. छापील आणि पडद्यावरच्या आलेखांत ही खूण क्वचितच असते. तेव्हा खालचा आणि वरचा आकडा आपणच बघायचा. तुमच्या बैठकीतला निळ्या विभागाचा आलेख एकट्याचा काढला आणि अक्ष २९० ते ३५० ठेवला, तर ३०० ते ३४० ही वाढ कड्यासारखी दिसेल. शून्यापासून ४०० ठेवला तर उतरत्या छपराएवढीही वाटणार नाही. दोन्ही खरे. कुणी कुठला निवडला यावरून त्याला काय दाखवायचं होतं ते कळतं, आणि तेही वाचायचंच असतं.

सगळे मुद्दे एकत्र बघायचे असतील तर हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर केलेली मोजणी बघा. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने मार्च १९५८ पासून तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा तो दर दशलक्ष भागांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या पुढे आहे. एक तृतीयांश वाढ. अक्ष ३१० पासून सुरू केला तर रेघ कागदाच्या तळापासून माथ्याला जाते, शून्यापासून केला तर वरच्या भागात मंद चढते. पण माझं आवडतं त्यातलं वेगळं आहे. ही रेघ करवतीच्या दातांसारखी आहे. दरवर्षी मे महिन्यात टोक, मग उतरत सप्टेंबर-ऑक्टोबरला तळ, मग पुन्हा वर. उत्तर गोलार्धातली झाडंझुडपं उन्हाळ्यात वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पानगळीनंतर तो परत सुटतो. त्याची ही ये-जा. आता कुणी मे महिन्याचा आकडा घेऊन त्याच वर्षीच्या सप्टेंबरशी ताडला आणि म्हणाला 'बघा, कमी झाला', तर आकडे खरे असून माणूस चूक. मेची तुलना मेशी करायची. तुमच्या कार्यालयातही वर्षअखेरीला काम तुंबत असेल, सुट्ट्यांत कमी होत असेल. जानेवारी आणि जुलै यांची तुलना करण्याआधी गेल्या वर्षीचा जुलै कुठे होता, हे विचारायला काय हरकत आहे?

आणखी एक सापळा, याच्याबद्दल मी जरा कडक बोलते. एकाच आलेखाला दोन उभे अक्ष असतात, डावीकडे एक मोजमाप, उजवीकडे दुसरं. डावीकडे कर्मचारी, उजवीकडे प्रकरणं, असं काहीतरी. त्यात दोन रेघा छेदल्या की भाषणं सुरू होतात. या छेदनाला काही अर्थ नाही. उजवा अक्ष जरा ताणला की छेदनबिंदू तीन महिने अलीकडे सरकतो, जरा दाबला की रेघा छेदतच नाहीत. टाक्यांच्या आलेखात दोन्ही रेघा लिटरमध्ये होत्या म्हणून छेदन बोलकं होतं. माणसं आणि प्रकरणं सारखी कधी होणार? असा आलेख दिसला की दोन्ही रेघा एका वेळी एकच वाचा. तुलना करायचीच असेल तर दोन्हींचा पहिला महिना १०० धरून पुढचे आकडे त्या मानाने काढायला सांगा. तुमच्या विभागांचं तसं केलं तर जुलैत निळा ११३ वर येतो आणि नारिंगी १६० वर. त्या मुलाला जे दिसत होतं ते हेच.

बाकीच्या गोष्टी भराभर. आडव्या अक्षावर २०००, २०१०, २०१५, २०१६ ही वर्षं सारख्याच अंतराने मांडली असतील तर चढावर विश्वास ठेवू नका. दहा वर्षांची चाल आणि एका वर्षाची चाल तिथे एकाच मापाने दिसते. शीर्षकात 'आजवर एकूण' असेल तर ती रेघ कधीच खाली येणार नाही, विभाग झोपला तरी ती आडवी राहील. तिथे फक्त चढ बघा. उभ्या अक्षावर १०, १००, १००० असे आकडे समान अंतरावर दिसले तर तो लॉग प्रमाणाचा आलेख, २०२० च्या साथीत असे खूप पाहिले असतील. तिथे प्रत्येक पायरी दहापट असते आणि सरळ रेघ म्हणजे ठरावीक काळात ठरावीक पटीने वाढणारी गोष्ट. दिसते निवांत, असते भरधाव. आणि रंगीत आलेखाची काळी-पांढरी झेरॉक्स कधी वाटू नका. मी एकदा पालकसभेत वाटली होती. लाल आणि हिरवी रेघ, दोन्ही एकसारख्या करड्या. पंधरा मिनिटं मी मुलांचं कौतुक म्हणून जे सांगत होते ते निम्म्या पालकांनी नेमकं उलट वाचलं.

पुढच्या बैठकीत असं काही विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. 'सर, प्रगती म्हणजे एकूण आकडा बघायचा की वाढ?' एवढंच विचारा. हा प्रश्न विचारणाऱ्याला आलेख कळतो, हे खोलीतल्या सगळ्यांना कळतं. मग 'लवकरच गाठेल' कुणी म्हणालं तर तुमचे साडेचार वर्षं आणि तेरा महिने दोन्ही तयार ठेवा. त्या मुलाला घालूनपाडून बोलायची गरज नाही. कोणतं गृहीतक धरलंस, असं विचारलंत की त्याचंही भलं होईल. आणि कळलं नाही तेव्हा मान डोलावू नका, पेन उघडा आणि अक्षांवरचे शब्द उतरवून घ्या.

मुलावर खेकसलात त्याची माफी मागितली नसेल तर मागा, मुलांना ते आवडतं आणि लक्षात राहतं. मग टाक्यांचा आलेख पुन्हा पुढे घ्या. सहाव्या मिनिटानंतर तो दोन्ही रेघा पट्टीने थेट कागदाच्या कडेपर्यंत ओढेल, सगळीच मुलं ओढतात. ओढू द्या. मग विचारा, टाकी केवढी आहे? दोन्ही १०० लिटरच्या असतील तर दुसरी टाकी नवव्या मिनिटाला काठोकाठ भरते आणि पहिली बाराव्या. नवव्या मिनिटाला त्या रेघेचं काय होईल, त्यालाच काढायला सांगा. ती आडवी होते. नळ मात्र चालूच आहे, मिनिटाला दहा लिटर, आणि पाणी जमिनीवर. हे पाणी आलेखात कुठे दिसतंय, असं विचारून त्याला थोडा वेळ द्या.